कोपरच्या जिन्याखालचा आवाज

ठाण्याहून परत आलं की सांगलीतली माणसं ठरलेले प्रश्न विचारतात. तलावपाळीवर फिरलीस का? येऊरला गेलीस का? मिसळ खाल्लीस का? तलावपाळी मी रिक्षातून पाहिली. येऊर राहिलं. मिसळ खाल्ली, आणि जी तिखट आहे म्हणून हॉटेलवाल्याने मला पुन्हापुन्हा बजावलं, ती आमच्याकडे तापातून उठलेल्या माणसालाही चालेल. पण या खेपेला मी जे पाहून आले ते ठाण्यात जन्म काढलेल्यांच्याही नजरेला पडत नाही. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझं काम काय हे सांगायला लागलं की समोरच्याला जांभई येते, तेव्हा थोडक्यात सांगते. आपण फोनवर जे काही बघतो, पाठवतो, भरतो, ते सगळं कुठेतरी मोठमोठ्या मशीनमध्ये ठेवलेलं असतं. त्या मशीनच्या घराला डेटा सेंटर म्हणतात. तिथे मशीनमशीनमध्ये निरोप पोचवणारी जी यंत्रं असतात त्यांना आम्ही स्विच म्हणतो. या वायरीतून आलेलं त्या वायरीत घालायचं, पोस्टमनसारखं काम. ही यंत्रं म्हातारी होतात. मग माझ्यासारखी बाई बाहेरगावाहून येते, जुनी काढते, नवी बसवते. बसवणं सोपं असतं. कुठली जुनी वायर कोणाची, हे शोधण्यात जीव जातो.

माजिवडा

गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते. माजिवड्याला हायवेच्या पुलाखाली अजून मांडवांचे बांबू पडलेले. तिथून आत, टोलेजंग इमारतींच्या मागे, एक करड्या रंगाची इमारत आहे. तिला खिडक्या नाहीत आणि नावाची पाटीही नाही. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इथे काय आहे? मी रोज जातो, एक माणूस बाहेर येताना दिसत नाही कधी."

आत गेल्यावर त्याचं म्हणणं पटलं. लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच कपाटं, आणि कपाटांमध्ये हजारो हिरवे दिवे लुकलुकताहेत. आपण चालू तसे डोक्यावरचे दिवे लागत जातात आणि मागचे आपोआप विझतात, त्यामुळे आपण कायम उजेडाच्या एका तुकड्यात उभे असतो आणि पुढेमागे काळोख. एका गल्लीत हुडहुडी भरेल इतकी थंडी, पुढच्या गल्लीत भट्टीसारखी झळ. घुमण्याचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. माणूस म्हणाल तर नाही. मी आईची शाल पांघरून हिंडत होते. सुरक्षारक्षकाने मला कॅमेऱ्यात पाहून दचकल्याचं नंतर कबूल केलं.

माझ्या सोबतीला तिथला नितीन होता. डोंबिवलीचा मुलगा, हुशार, आणि घाई इतकी की वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करतो. जुन्या स्विचवरच्या सगळ्या वायरींचा पत्ता आम्ही लावला, एक सोडून. मी आल्या आल्या पाहिलं तेव्हा त्या वायरीचा दिवा एका लयीत लागत होता. लागला, विझला, जरा थांबला, पुन्हा लागला. पलीकडून कोणीतरी नेमाने येऊन "मी आहे" एवढंच सांगत होतं. कोण, कुठून, काही नोंद नाही. शनिवारी पाहिलं तर तो दिवा विझलेला.

"मॅडम, मी गुरुवारी काढलेली ती," नितीन म्हणाला. "बोंब टेस्ट. कोण बोंबललं नाही. म्हणजे मेलेली लाइन आहे."

ही बोंब टेस्ट म्हणजे आमच्या धंद्यातली जुनी रीत. वायर कोणाची ते कळत नसेल तर उपटायची आणि वाट बघायची. ज्याचं काम अडेल तो बोंब मारत येईल. कोणी आलं नाही की वायर कचऱ्यात. आम्ही सगळेच हे करतो आणि त्यावर हसतोही.

"अरे, मेलेला माणूस रोज दारावर थाप मारतो का?" मी म्हटलं. "ती बंद झाल्याचा इशारा कोणाला तरी गेला असेल ना?"

"गेला ना. एका मेलवर. तो माणूस कंपनी सोडून गेलेला आहे कधीचाच."

हे म्हणजे रिकाम्या घराच्या पत्रपेटीत कोणीतरी मदतीची चिठ्ठी टाकत असावं तसं. नागपूरच्या एका मैत्रिणीने सांगितलेलं आठवलं. त्यांच्याकडे अशीच एक अनोळखी वायर निघाली, ती रक्त साठवायच्या फ्रिजची होती. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. सोमवारी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता आणि या स्विचवर आता काही जिवंत नाही असं मी सही करून द्यायचं होतं. पलीकडे कोण आहे हे कळल्याशिवाय माझा हात चालेना.

वायरीला एक पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. तिच्यावर शाईच्या पेनाने एकच शब्द: कोपर.

"रविवारी मी जाऊन येते," मी म्हटलं.

"संडेला कोपर?" नितीन हसला. "मॅडम, तिथे बघायला काय नाय. मी तिथेच वाढलोय."

कोपर

कोपर म्हणजे डोंबिवलीची पश्चिम बाजू. चारमजली इमारती एकमेकींना खेटून, गॅलरीत तुळस, सायकली आणि वाळत घातलेले गणवेश, आणि वाऱ्याबरोबर मधूनच येणारा खाडीचा खारट वास. आमच्याकडे इमारत म्हणजे आजूबाजूला जागा सोडून उभी असते. इथे एका घरात फोडणी पडली की समोरच्या घरात शिंक येते. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. नितीनने कंपनीच्या जुन्या कागदांतून पत्ता शोधून दिला होता. फार वर्षांपूर्वी तळमजल्यावरची जिन्याखालची जागा भाड्याने घेऊन तिथे लाइनचं एक कपाट बसवलं होतं.

इमारतीत शिरले आणि थांबले. जिन्याखाली कमरेएवढं लोखंडी कपाट होतं. त्याच्यावर हळदीकुंकू वाहिलेलं. पुढ्यात नारळ, सुकलेलं जास्वंदीचं फूल आणि हिरव्या बांगड्या. कपाटाच्या फटीतून आतला एक दिवा दिसत होता, तो लाल होता.

"हात नको लावूस, बाय."

मागे एक वयस्क बाई उभ्या होत्या, काष्टा नेसलेल्या, हातात पाण्याची कळशी. या म्हात्रे काकू. त्यांचं घर जिन्याला लागूनच. मूळचं इथलंच आगरी कुटुंब. इमारत उभी राहिली तीच त्यांच्या जमिनीवर.

"हे कोणासाठी, काकू?"

"जिन्याखालचे बायसाठी. खारीन बुरून मेलेली हाय ती, असा समदे बोलतान."

खाडीत बुडून मेलेली बाई, अशी सगळ्या बिल्डिंगची खात्री होती. काकूंनी मला घरात बसवलं आणि तांदळाची भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी पुढ्यात ठेवली. ज्वारीच्या भाकरीवर पोसलेली मी, ती मऊसूत पांढरी भाकरी घासाला कशी पुरणार असं वाटलं, आणि तीन खाल्ल्या. खाताखाता ऐकत होते. बाकी दिवस कपाट नुसतं श्वास घेतं, काकू म्हणाल्या. हळू, सूं सूं करत. पण पावसाळ्यात कधीतरी आतून बाई बोलते. भरदिवसासुद्धा. दिवेलागणीनंतर पोरं या जिन्याने जात नाहीत, मागच्या जिन्याने जातात. विजेच्या माणसाने एकदा तिचा पुरवठा तोडायचं म्हटलं तर सगळ्यांनी मिळून त्याला हाकललं. उगाच कोप नको.

"काय बोलते ती?"

काकूंनी आवाज बदलला. शाळेतल्या बाईंसारखा सपाट, सावकाश. "वर या. वर या. पानी सोडलंय. नदीतले समदे वर या."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी सांगलीची. कृष्णेच्या काठावर वाढलेली. पाणी सोडलंय हे दोन शब्द आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतात. ते भूत बोलत नाही, ते धरणाचं माणूस बोलतं.

"आणि आता? आता बोलते का?"

"नाय गो. गुरवारपासना गप हाय. श्वासपन नाय." काकूंनी कपाटाच्या दिशेला हात जोडले. "नारल वाहिला ना मी बुधवारी. पावली. सुटली बिचारी."

गुरुवारी नितीनने वायर उपटली होती. ती सुटली नव्हती. तिचं तोंड आम्ही बांधलं होतं.

काकूंची समजूत काढायला वेळ लागला. मी कपाटाला नमस्कार केल्यावरच त्यांनी ते उघडू दिलं, आणि नमस्कार मी अगदीच खोटा केला नाही. आत धूळ, एक पाल, जुनं यंत्र आणि तळहाताएवढा स्पीकर. लाइन टाकताना कोणी चाचणीला लावला असणार आणि काढायचा राहिला. ठाण्याहून निघालेला आवाज इथून पुढे जाता जाता जिन्याखाली ऐकू येत होता, इतकंच. पुढे जाणाऱ्या वायरीशेजारी पत्र्यावर खडूने लिहिलं होतं: खडवली नदी, भोंगा.

मी नितीनला फोन लावला. लागेना. रविवार असूनही तो कामावर होता, आणि त्या थंडगार दालनात फोनला रेंज नसते. निरोप ठेवला, काकूंना माझा नंबर दिला आणि निघाले.

खडवली

कल्याण, टिटवाळा मागे टाकून खडवलीला पोचेपर्यंतचा रस्ता सांगण्यासारखा नाही. मला तो दिसलाच नाही. खडवली मात्र दिसली, आणि इतकी सुंदर की भीती वाटावी. शहर संपून एकदम भाताची हिरवीगार खाचरं, स्वच्छ ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. नदी रुंद, उथळ, खडकांवरून खळखळत चाललेली. रविवार असल्यामुळे माणसं आलेली. खडकांवर चादरी पसरलेल्या, एका टोळक्याने मोठा स्पीकर आणून गाणी लावलेली, बायका पाण्यात पाय सोडून बसलेल्या.

आणि काठावर खांब. वर दोन कर्णे, नदीकडे तोंड केलेले. मी त्याच्या बुडाशी जाऊन कान लावला. काही नाही. रिकाम्या विहिरीत वाकून पाहावं तशी शांतता.

खांबाशेजारी वंदनाताईंची टपरी होती. भजी, चहा, उकडलेल्या शेंगा. मी विचारलं, हा भोंगा वाजतो का?

"वाजतो ना. वरून पाणी सोडलं की बोलतो. मग आम्ही सगळ्यांना बाहेर काढतो."

"चार दिवस बंद आहे तो."

"बंद नाय, ताई. गप आहे." त्या हसल्या. "गप आहे म्हणजे पाणी नाय. हा गप असला की आम्हाला घोर नसतो. आमचे हे बघा ना, निवांत गेलेत." त्यांनी बोट दाखवलं. नदीच्या मधोमध एका काळ्या खडकावर एक माणूस जाळं सोडवत बसला होता. त्यांचे यजमान, रघुनाथ.

मी खाली पाण्याशी गेले. माझी एक चप्पल चिखलात रुतली ती अजून तिथेच असेल. पाण्याकडे पाहिलं आणि मला आमचा घाट दिसला. आमच्याकडे कृष्णा चढते ती सांगून, दोन-दोन दिवस. अख्खं गाव पुलावर उभं राहून पाहतं, इतकं की तो सोहळाच होतो. इथे तसलं काही नव्हतं. ऊन तसंच, गाणी तशीच. फक्त पाणी मघाशी आरपार दिसत होतं ते आता चहाच्या रंगाचं झालं होतं. वाळका पाला आणि फेसाची एक पट्टी वाहत आली. मी एका दगडावर नजर ठेवली. बघता बघता तो दगड राहिला नाही. आवाज झाला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. नितीन.

"मॅडम, तुमचा मेसेज ऐकला. मी चेक केलं." नितीनला मी पहिल्यांदाच सावकाश बोलताना ऐकत होते. "इथे एक मेसेज अडकलाय. आज सकाळचा. धरणावरून आलेला. 'पाणी सोडले.' आपल्या मशीनने घेतला आणि पुढे पाठवायचा ट्राय करतंय. सारखं करतंय. लाइनच नाय ना."

धरणावरच्या माणसाने त्याचं काम चोख केलं होतं. संदेश पोचला असं त्याच्या पडद्यावर आलंही असणार, कारण तो आमच्यापर्यंत पोचला होता. पुढचा रस्ता आम्ही कापला होता.

"वायर लाव! आत्ता!"

"स्विच ट्रॉलीवर आहे मॅडम. उद्याच्या ट्रकसाठी काढून ठेवलेला. परत चढवायला, सुरू व्हायला टाइम लागेल."

"धाव!"

मी ओरडत सुटले. बाहेर या, पाणी येतंय! एक पाय अनवाणी, खांद्यावर शाल, केस सुटलेले. लोकांनी मला पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. गाणी वाजतच राहिली. एकीने तर आपलं पोर जवळ ओढलं, पाण्यापासून नाही, माझ्यापासून. मी वंदनाताईंकडे धावले.

"ताई, अजून पोल बोलला नाय..."

"तो बोलणार नाही. आम्ही बंद केलाय त्याला. ठाण्याहून. चुकून. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नदीकडे. आणि कढई तशीच टाकून त्या काठाकडे पळाल्या. "अहो! ओ! या ना वर!" रघुनाथरावांनी मान वर केली. बायकोकडे पाहिलं. मग हसून खांबाकडे बोट केलं, कशाला ओरडतेस, तो गप आहे ना, आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. त्यांच्या पाठीमागे पाणी खडकाच्या खांद्यापर्यंत आलेलं, ते त्यांना दिसत नव्हतं.

त्या क्षणी मला जे वाटलं ते सरळच लिहिते. मला रडू आलं. आमच्या सगळ्या हुशारीचा, आमच्या बोंब टेस्टचा मला संताप आला. ज्याचं काम अडतं तो ओरडतो, हे आम्ही धरून चाललो होतो. ज्याचं काम गप्प बसून वाट बघायचं आहे, त्याला उपटलं तर ओरडणार कोण? इकडे एका गावाने त्या गप्प बसण्यावर आपला जीव ठेवलेला. तिकडे दुसऱ्या गावाने ती गप्प व्हावी म्हणून नारळ वाहिलेला.

आणि मग खांबाने श्वास घेतला.

दुसरा शब्द मला सुचत नाही. वरच्या कर्ण्यांतून सूं सूं असा आवाज आला, हळू, झोपेतून जागं होणाऱ्या माणसासारखा. वंदनाताई जागच्या जागी थिजल्या. काठावरचा कुत्रा उठून उभा राहिला. आणि भर उन्हात, त्या गाण्यांच्या वरून, शाळेतल्या बाईंसारखा सपाट, सावकाश आवाज नदीवर पसरला.

"नदीपात्रातील सर्वांनी वर यावे. वर या. वर या. पाणी सोडले आहे."

माझ्या अंगावर काटा आला तो अजून पुरता गेलेला नाही. मी ओरडले तेव्हा जी माणसं हलली नव्हती, ती त्या सपाट आवाजाला उठली. गाणी बंद पडली. चादरी, डबे, चपला टाकून लोक वर आले. रघुनाथराव जाळं सोडून कमरेएवढ्या पाण्यातून आले, दोनदा पाय सुटला, शेवटी टोळक्यातल्या पोरांनी हाताला धरून ओढलं. ते काठावर बसून धापा टाकत होते आणि आम्ही सगळे खडकाकडे बघत होतो. खडक बुडाला. त्यावरचं जाळं जरा वेळ तरंगलं, मग तेही गेलं. नदी काहीच न बोलता भरत गेली. बाई मात्र बोलतच होती, सगळे वर आलेले तिला दिसत नव्हतं ना.

वंदनाताईंनी मला चहा दिला. रागावतील असं वाटलं होतं, मी तर पाठीत धपाटा खायच्या तयारीत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "परत नका करू हां, ताई."

परत

सोमवारी ट्रक आला आणि जुना स्विच न घेता गेला. मी सही केली नाही. त्या लाइनीची आता नव्या यंत्रावर रीतसर जागा आहे, तिच्यावर मोठ्या अक्षरात पाटी आहे, आणि ती बंद पडली तर जिवंत, नोकरीत असलेल्या माणसांना फोन जातो. नितीनने बोंब टेस्ट हा शब्द माझ्यासमोर तरी पुन्हा काढला नाही. साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते बाहेर बघायला खूप वेळ खिडकी शोधत राहिले, पण त्या इमारतीत खिडकी नाही.

पण मला आठवतो तो रविवारचाच फोन. खडवलीच्या काठावर मी चहाचा पेला धरून बसले होते, कर्णे अजून बोलत होते. फोन वाजला. म्हात्रे काकू. त्यांच्या फोनमधूनही मागे तोच आवाज येत होता, वर या, वर या, आणि माझ्या डोक्यावरून तोच. दोन्हींत अर्ध्या श्वासाचं अंतर.

"बाय, ती परत बोलाया लागली गो," काकू घाबरून म्हणाल्या. "समदी बिल्डिंग जिन्यान जमलेय. तू काय केलास?"

"काकू, ती मेलेली नाही. ती इथल्या लोकांना बोलावत होती. खडवलीच्या नदीतल्या."



"आले का वर?" काकूंनी विचारलं.

"आले. सगळे आले."

"मंग बोलू दे तिला," काकू म्हणाल्या, आणि फोन न ठेवताच जिन्याकडे वळून मोठ्याने ओरडल्या, "आले गो बाय, समदे आले वर!"